गोव्यात हॉट हॅच रोज वापरणाऱ्यांनी अनुभव लिहा

फोंड्याहून लिहितोय. घरची जुनी हॅचबॅक आता काढायची आहे आणि डोक्यात हॉट हॅच, म्हणजे जोरदार इंजिनची छोटी हॅचबॅक, बसली आहे. एसयूव्ही नको. आमच्या वाड्यावरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी चिऱ्यांची कुंपणं आहेत, समोरून पोदेराची (पाववाल्याची) सायकल आली तरी कडेला घ्यावं लागतं. चौकशी केली की नावं तीच ती येतात: ह्युंदाई आय२० एन लाइन, टाटा अल्ट्रोझ रेसर, आणि जुन्यात पोलो जीटी टीएसआय, बलेनो आरएस, अबार्थ पुंटो. शून्य ते शंभर किती सेकंदांत, ते नको. ते यूट्यूबवर पाहून पाठ झालंय. चवथीचं (गणेश चतुर्थीचं) सामान बसतं का, आई मागे बसली की कुरकुरते का, पावसाळ्यात काय होतं, हे लिहा. तक्रार असेल तर कंपनीचं आणि वर्कशॉपचं नाव घालू नका. मागच्या धाग्यात त्यावरून झालेली हाणामारी पुरे झाली.

माटोळीवाला (डिचोली)

एन लाइन, मॅन्युअल. एक लिटरचं टर्बो इंजिन, ताकद १२० पीएस, टॉर्क म्हणजे ओढायचा जोर १७२ एनएम. रोज डिचोली ते पणजी, म्हणजे पर्वरीतल्या ट्रॅफिकची रांग रोज नशिबी. रांगेत ही गाडी साध्या आय२०सारखीच आहे, क्लच हलका. गंमत असोल्ड्याच्या, सॉरी, अस्नोड्याच्या पुढे रस्ता मोकळा झाला की.

सामानाचं विचारलंत म्हणून सांगतो. डिकी ३११ लिटर. चवथीच्या आदल्या दिवशी म्हापशाच्या बाजारातून आंबाडे, कांगलां, चिबूड, सुपारीची शिपटं, नारळांचा घोस, केळीचे दोन घड, असं सगळं आणलं. मागची सीट पाडली आणि केळीचा घड पुढच्या दोन सीटांच्या मधोमध तोंड करून झोपवला. गिअर बदलताना कोपराला केळी लागत होती, पण बसलं. डिकीचा ओठ उंच आहे, तांदळाची गोणी उचलून आत टाकताना कंबर बोलते.

आईचं म्हणाल तर ती कुरकुरते. सस्पेन्शन साध्या मॉडेलपेक्षा कडक आहे. गावातले गतिरोधक पंचायतीने कुठल्या मापाने घातलेत देव जाणे, रंगही नाही. मागे बसलेल्याला प्रत्येक कळतो. हायवेला मात्र तीच आई झोपते. मायलेज पर्वरीत ११च्या आसपास, काणकोणच्या बाजूला मोकळ्या रस्त्याने १६-१७.

दिवाडकर

अबार्थ पुंटो. १.४ टी-जेट, १४५ बीएचपी, चारही चाकांना डिस्क. गोव्यात ही गाडी आणि तीही दिवाडी बेटावर राहून, असा प्रश्न सगळेच विचारतात.

जमिनीपासून उंची १५५ मिमी. भरती असली की फेरीबोटीची फळी धक्क्याला जवळपास सपाट लागते, काही प्रश्न नाही. ओहोटीला धक्क्याचा उतार आणि फळी यांच्यात कोन होतो आणि पुढचा बंपर तिथेच टेकतो. सरळ जायचंच नाही. आधी डावं चाक फळीवर, मग स्टिअरिंग थोडं उजवीकडे, मग उजवं चाक. गाडी तिरकी चढते. खलाशी आता ओळखतात, माझी गाडी दिसली की पुढच्या स्कूटरवाल्यांना बाजूला करतात आणि हाताने कोन दाखवतात. मागे बसलेले पाहुणे खाली उतरून चालत चढतात. पावसात धक्क्याच्या खालच्या टोकाला शेवाळ असतं, तिथे २१२ एनएमचा काही उपयोग नाही, उलट चाक नुसतं फिरतं. पाय हलका ठेवायचा.

पेट्रोल गावात लिटरला ९, कधी १०. पुंटो भारतात बंद होऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा सुटे भाग शोधण्याची हौस असेल तरच घ्या. मला आहे.

बाई_काणकोणच्या

अल्ट्रोझ रेसर वापरते, १.२ टर्बो, सहा गिअर. नवऱ्याने एसयूव्हीचा हट्ट धरला होता, मी ऐकलं नाही.

माझी शाळा घाटाच्या अलीकडे, घर पलीकडे. करमल घाटात पुढे भरलेला ट्रक, त्याच्यामागे कदंबची (सरकारी) बस, आणि दोन वळणांच्या मध्ये सरळ रस्ता म्हणाल तर तेवढाच. जुन्या गाडीने ओव्हरटेक करायचा म्हणजे एसी बंद, दुसरा गिअर, देवाचं नाव, आणि मधेच विचार बदलून परत मागे. आता तिसऱ्यात ठेवते, इंजिनच्या फेऱ्यांची सुई दोन हजाराच्या वर असली की गाडी निघते आणि समोरचं वळण यायच्या आत मी माझ्या बाजूला असते. जोर हवा तो एवढ्यासाठी. दोन हजाराच्या खाली मात्र इंजिन झोपलेलं असतं, ते ध्यानात ठेवूनच निघायचं, नाहीतर बसच्या शेजारी अडकाल. आणि सरळ पट्टा नसेल तर १२० पीएस असो की ६०, मागेच राहायचं. आमच्या बाजूच्या पोरांना हे कोणी सांगायचं?

सासूबाईंचे गुडघे दुखतात. या गाडीची दारं जवळजवळ ९० अंशांत उघडतात, त्या आधी बसतात आणि मग पाय आत घेतात. त्यांनी गाडीचं केलेलं एकमेव कौतुक हेच. मे महिन्यात सीटमधून येणारी थंड हवा मला एसीपेक्षा आवडते. तीन सिलिंडरची थरथर सिग्नलला जाणवते, सवय होते. डिकी ३४५ लिटर, दोघींची बाजारहाट आरामात.

पर्वरी_जाम

पोलो जीटी टीएसआय, १.२ची. २०२२ मध्ये कंपनीने पोलोच बंद केली, म्हणून विकवत नाही. दार लावल्याचा आवाज अजून तस्सा आहे. टिप एकच: पावसाळ्यात चार दिवस गाडी बंद ठेवून गावी गेलात तर परत आल्यावर स्टिअरिंगच्या कातडीवर पांढरी बुरशी. शेजाऱ्याकडे किल्ली देऊन जा.

विकून_मोकळा

विरोधी मत नोंदवतो. माझी ऑटोमॅटिक होती, कोरड्या दुहेरी क्लचची. कंपनी विचारू नका, धाग्याचा नियम आहे.

या गिअरबॉक्समध्ये क्लच तेलात बुडालेला नसतो, त्यामुळे घर्षणाची उष्णता वाहून न्यायला काही नाही. मोकळ्या रस्त्यावर गिअर असा बदलतो की कळतही नाही. पण चोर्ला घाटात ट्रक आडवा पडला आणि चढावर फूट-फूट पुढे सरकायला लागलात, की गाडी आतल्या आत हाफ क्लचवर चालत असते. आधी जळका वास, मग स्क्रीनवर इशारा, मग थांबून बोनेट उघडून बेळगावला जाणाऱ्या लोकांचे सल्ले ऐका. आम्ही थांबलो, निवली, गेलो. पुढे झटके सुरू झाले आणि वर्कशॉपने जो आकडा सांगितला त्यात बायकोला नवी स्कूटर आली असती. वॉरंटी संपलेली. विकली.

घाटात रांग लागली तर पुढच्याला दोन गाड्यांएवढं जाऊ द्या, मग एकदमच पुढे घ्या, आणि ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक दाबा. मला हे कोणी आधी सांगितलं नाही. आता साधी पेट्रोल मॅन्युअल आहे. कंटाळा येतो, खोटं कशाला सांगू.

काजूबोंडू

बलेनो आरएस, २०१७. १०२ पीएस आणि वजनाला हलकी. रंग पांढरा, आवाज गरीब, टुरिस्टांना वाटतं टॅक्सी. मागच्या सीटवर पाय पसरून तिघं बसतात. माझा मुलगा नुकताच अठराचा झाला, त्यामुळे सध्या गाडीपेक्षा किल्ली कुठे ठेवायची यावर जास्त विचार चालतो.

ग्रीसचा_हात (म्हापसा)

गॅरेज चालवतो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो.

टर्बो मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि इंजिनच्या तेलावरच जगतो. चोर्ला चढून वर चहाला थांबलात आणि त्याच क्षणी इंजिन बंद केलंत, की तेलाचा प्रवाह थांबतो आणि तापलेल्या बेअरिंगमध्ये उरलेलं तेल जळून कोळसा होतं. अर्धा-एक मिनिट इंजिन चालू ठेवा, चहावाला कुठे पळत नाही. तेल कंपनी सांगते त्याच्या आधी बदला. खाणपट्ट्यात, उसगाव-सावर्डे बाजूला राहत असाल तर एअर फिल्टर उघडून बघत जा. लाल धूळ बाहेर काढली की फिल्टर मुळात पांढरा होता यावर विश्वास बसत नाही.

पोरं येतात, मॅप (जोर वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग) बदलून द्या म्हणतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये परस्पर केलेल्या फेरफारांना बंदी आहे, आणि अपघात झाला की विमावाले नेमकं तेच शोधतात. मी करत नाही. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलमध्ये उष्णता पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश, तेव्हा मायलेज थोडं उतरणारच, त्यासाठी माझ्या दारात भांडायला येऊ नका. जुनी टर्बो घेणार असाल तर कुठलं पेट्रोल चालतं ते गाडीच्या माहितीपुस्तिकेत आधी वाचा.

फोंडेकर भाऊ, सेकंडहँड बघायला गेलात तर आदल्या रात्रीपासून बंद ठेवलेली गाडी मागा. मालकाने तुमच्या येण्याआधी गरम करून ठेवली असेल तर चहा प्या आणि परत या. थंड इंजिन चालू होताना मागे उभे राहा. निळसर धूर दिसला तर टर्बो किंवा वाल्व सील तेल खातंय. आणि तेल बदलल्याच्या पावत्या मागा, नुसत्या सर्व्हिस बुकातल्या शिक्क्यावर जाऊ नका.