ईमेलच्या ड्राफ्टला फाइल जोडायचं काम स्क्रिप्टकडे द्यावं का?

हिशेबनीस:
आमच्या करसल्लागाराच्या ऑफिसात जूनचा पहिला पंधरवडा फॉर्म १६ (पगार आणि त्यातून कापलेल्या कराचा दाखला) पाठवण्यात जातो. १५ तारखेच्या आत कर्मचाऱ्यांच्या हातात पडायला हवा. गेल्या वर्षापर्यंत दोघी जणी सकाळपासून ‘फाइल जोडा’ दाबत बसायच्या. यंदा मी छोटी स्क्रिप्ट (तेच काम आपोआप करणारा प्रोग्रॅम) लिहिली. ट्रेसेसच्या (आयकर खात्याच्या टीडीएस वेबसाइटच्या) पीडीएफच्या नावातच पॅन असतो आणि आमच्या एक्सेलमध्ये पॅनसमोर ईमेल पत्ता. स्क्रिप्ट जोडी लावते आणि थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममध्ये पत्ता, विषय, फाइल भरलेला ड्राफ्ट उघडते (कमांडवरून ही सोय थंडरबर्डमध्ये आहेच). ‘पाठवा’ मात्र माणूसच दाबतो. माझं मत ठाम आहे, जोडणी यंत्रानेच करावी. साठाव्या फाइलला माणसाचे डोळे थकतात आणि तो शेजारची फाइल उचलतो.

पडताळा:
मला अजिबात पटत नाही. मी पूर्वी जिथे नोकरीला होते तिथे पगाराच्या स्लिपा अशाच जायच्या. एकदा कुणीतरी एक्सेलमध्ये फक्त नावांचा रकाना सॉर्ट केला, पत्त्यांचा तसाच राहिला. त्या महिन्यात जवळजवळ प्रत्येकाला दुसऱ्याची स्लिप गेली. एकाच टेबलाला बसून एकच काम करणाऱ्या दोघींना आपल्या पगारातला फरक त्या दिवशी कळला. पुढे त्या एकमेकींशी धड बोलल्या नाहीत. हाताने चुकलं तर एका माणसाचं चुकतं, स्क्रिप्ट चुकली की सगळ्यांचं. गेलेली मेल परत आणता येत नाही. जीमेलचं ‘अनडू’सुद्धा फार तर ३० सेकंद.

टर्मिनलवाला:
दोघांच्याही नजरेतून एक धोका सुटलाय. ड्राफ्टला बाहेरून फाइल जोडता येणं हेच नाजूक दार आहे. वेबपानावरच्या ईमेल पत्त्यावर क्लिक केलं की ड्राफ्ट उघडतो, ती ‘मेलटू’ लिंक. काही प्रोग्रॅम त्या लिंकमध्ये लिहिलेली फाइलही आपल्या डिस्कवरून उचलून जोडायचे. २०२० मध्ये जर्मनीतल्या बोखुम आणि म्युन्स्टरच्या संशोधकांनी हे दाखवून दिलं, केमेल आणि इव्होल्यूशन हे मेल प्रोग्रॅम त्यात सापडले. म्हणजे अनोळखी पानावर क्लिक करा, दोन ओळी लिहा, आणि सोबत तुमची खाजगी किल्ली (कुलूपबंद मेल उघडणारी गुप्त फाइल) रवाना! हिशेबनीस, तुमची स्क्रिप्ट स्वतःच्या मशीनवर, एकाच फोल्डरमधून उचलत असेल तर माझी हरकत नाही. पण कुठल्यातरी ब्राउझर एक्स्टेन्शनला (ब्राउझरमध्ये बसवायच्या जोड-प्रोग्रॅमला) मेलबॉक्सची पूर्ण परवानगी देऊन हेच काम करून घेणार असाल, तर मी पडताळांच्या बाजूचा.

सातारचा:
मुळात फाइल जोडायचीच कशाला? अटॅचमेंटची पद्धत १९९२ च्या माइम या ईमेलच्या मानकातून आली. त्यात फाइलचे दर ३ बाइट ४ अक्षरं होऊन जातात, वजन एक तृतीयांशाने वाढतं. लिंक पाठवा. चुकलीच तर बंद करता येते.

हिशेबनीस:
@सातारचा, फॉर्म १६ शे-दोनशे केबीचा, वजनाची अडचण कुणाला आहे? लिंक दिली की पहिल्या तासात वीस फोन, “परवानगी मागतंय हो.” म्हणून मग ‘लिंक असलेल्या कुणालाही’ करून टाकायचं, म्हणजे लोकांचे पगार उघड्यावर. आणि तीन वर्षांनी गृहकर्जाला हाच कागद लागतो तेव्हा माणूस स्वतःच्या मेलमध्ये शोधतो. तिथे मेलेली लिंक सापडली तर त्याने कुणाकडे जायचं?

@पडताळा, तुमचा किस्सा वाचून हात थबकला, खरं सांगतो. पण तिथे घोटाळा तक्त्यात होता. हाताने पाठवणारीसुद्धा पत्ता त्याच तक्त्यातून उचलते. स्क्रिप्टला निदान पीडीएफच्या आतलं नाव वाचून तक्त्यातल्या नावाशी ताडून बघ, असं सांगता येतं. जुळलं नाही तर ड्राफ्टच उघडायचा नाही. आज रात्री हे घालतो.

पडताळा:
तक्ता तोच असला तरी हाताने पाठवणारी बाई माणसाला ओळखते. कुलकर्ण्यांच्या नावापुढे शेखांचा पत्ता दिसला की ती थांबते. तुम्ही नाव ताडाल, पण नाव, पॅन, फाइल सगळं बरोबर असून पत्त्याचाच रकाना सरकला असेल तर? आमच्याकडे नेमकं तेच झालं होतं. आणि साठ ड्राफ्ट भरून समोर आले की ‘पाठवा’ दाबणारा वाचत नाही, नुसता दाबत जातो. प्रत्येक ड्राफ्टमधली फाइल उघडून, नाव आणि पत्ता शेजारी ठेवून बघणार असाल तर वापरा. तेवढा वेळ द्यायचा नसेल तर त्या दोघींनाच बसवा.