विधिमंडळासाठी, शासनासाठी तयार झालेले अहवाल सामान्य माणसाने मिळवायचे कसे?

काळाचौकी_वाचक

उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या मुंबईतल्या जुन्या) इमारतींच्या पुनर्विकासावर शासनाने नेमलेल्या एका समितीचा अहवाल हवा आहे. समिती शासन निर्णयाने नेमली होती आणि अहवाल सादर झाल्याची बातमी छापूनही आली होती. संबंधित विभागाकडे माहिती अधिकाराचा अर्ज केला. उत्तर एका ओळीचं आलं: "कलम ८(१)(ग) अन्वये माहिती देता येत नाही." उत्तर हातात येऊन १२ दिवस झालेत.

हे कलम इथे लागू होतं का? अहवाल सभागृहात मांडला गेला की नाही, हे बाहेरच्या माणसाने कसं शोधायचं? आणि आमदार-खासदारांसाठी सरकारी खर्चाने ज्या संशोधन टिपणी तयार होतात, त्या आपल्याला वाचता येतात का? अमेरिकेत तसले अहवाल खुले केले असं वाचनात आलं.

नस्ती_क्रमांक

पहिल्या अपिलासाठी ३० दिवस असतात, म्हणजे तुमच्याकडे अजून १८ आहेत. आधी ते करा. २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि त्याच विभागातल्या प्रथम अपिलीय प्राधिकाऱ्याच्या नावाने अपील द्यायचं.

आता कलम. ८(१)(ग) म्हणजे जी माहिती उघड केल्याने संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या विशेषाधिकाराचा भंग होईल ती. अहवाल सभागृहात मांडून झाला असेल तर भंगाचा प्रश्नच उरत नाही. मांडला नसेल तर पुढचा प्रश्न विचारायचा: तो मांडणं कायद्याने बंधनकारक आहे का? चौकशी आयोग अधिनियम, १९५२ खाली नेमलेल्या आयोगाचा अहवाल कृती अहवालासह (शासनाने त्यावर काय केलं ते सांगणाऱ्या टिपणासह) सहा महिन्यांच्या आत सभागृहासमोर ठेवावाच लागतो. कलम ३(४) तेच सांगतं. मुंबई दंगलींवरच्या श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल फेब्रुवारी १९९८ मध्ये सादर झाला आणि ऑगस्टमध्ये मांडला गेला. पण नुसत्या शासन निर्णयाने नेमलेल्या समितीला अशी कालमर्यादा नाही. केळकर समितीने प्रादेशिक समतोलावरचा अहवाल ऑक्टोबर २०१३ मध्ये दिला आणि तो मांडला गेला डिसेंबर २०१४ मध्ये, १४ महिन्यांनी. तुमची समिती या दुसऱ्या प्रकारातली आहे. जो अहवाल मांडण्याचं कायदेशीर बंधनच नाही, तो दिल्याने विशेषाधिकार कसा मोडतो, हे विभागाने सांगायला हवं. नकाराची कारणं देणं कलम ७(८) प्रमाणे बंधनकारक आहे आणि नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) प्रमाणे जन माहिती अधिकाऱ्यावर आहे. अपिलात ही दोन कलमं लिहाच. शिवाय कलम १० खाली असं मागा की काही भाग रोखायचाच असेल तर तेवढा वगळून उरलेला द्यावा.

"अहवाल मंत्रिमंडळापुढे आहे" हे उत्तर आलं तर ते कलम ८(१)(झ), म्हणजे मंत्रिमंडळाच्या कागदपत्रांच्या अपवादाखाली येतं. तिथेही निर्णय होऊन विषय संपला की निर्णय, त्याची कारणं आणि ज्या आधारावर तो घेतला ते साहित्य खुलं करावं लागतं.

सोबत एक नवा अर्जही टाका. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द अशी मर्यादा आहे. पाल्हाळ लावलं की अर्ज तिथेच अडतो. मजकूर असा ठेवा:

"शासन निर्णय क्र. ___, दि. ___ अन्वये नेमलेल्या समितीबाबत: (१) अंतिम अहवालाची परिशिष्टांसह प्रत, (२) अहवाल शासनास प्राप्त झाल्याचा दिनांक व आवक क्रमांक, (३) अहवाल विधिमंडळात मांडला असल्यास विधानसभा व विधानपरिषदेतील दिनांक, (४) मांडला नसल्यास, तो मांडण्याबाबत नस्तीवरील टिप्पण्यांची प्रत."

चौथा मुद्दा सोडू नका. (नस्ती म्हणजे विभागातली फाइल.) अहवाल नाकारला तरी टिप्पण्या नाकारायला वेगळं कारण द्यावं लागतं आणि अहवाल कोणत्या टेबलावर पडून आहे ते त्यांतच दिसतं. 'परिशिष्टांसह' हा शब्दही हवाच. तो नसला की मुख्य मजकुराची पानं हातात पडतात आणि इमारतींच्या याद्या, नकाशे, भिन्नमतपत्रिका मागे राहतात.

अर्जाला १० रुपयांचा स्टॅम्प, प्रतींसाठी पानामागे २ रुपये. आधी पानांची संख्या विचारून घ्या. अहवाल जाडजूड असेल तर सॉफ्ट कॉपी मागा.

चर्नीरोड_ग्रंथप्रेमी

शासन निर्णय सापडला नसेल तर अर्जाआधी तो शोधा. शासनाच्या संकेतस्थळावर 'शासन निर्णय' विभागात खातं निवडायचं आणि तारखेचा पट्टा रुंद ठेवायचा. मथळ्यातल्या शब्दाने शोधलं तर बऱ्याचदा निसटतो, कारण मथळ्यात 'पुनर्विकास' ऐवजी 'पुनर्बांधणी' असतं किंवा नुसतं 'समिती गठित करणेबाबत'. उघडल्यावर शेवटचा परिच्छेद वाचा. "सदर शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक" असं म्हणून एक लांबलचक आकडा दिलेला असतो. तो टिपून ठेवा. वर क्रमांकाच्या ओळीत प्र.क्र. (प्रकरण क्रमांक) आणि कार्यासनाचं, म्हणजे ती फाइल सांभाळणाऱ्या शाखेचं नाव असतं, ते अर्जावर जसंच्या तसं लिहा. मंत्रालयात नस्ती कार्यासनात असते. नुसतं 'गृहनिर्माण विभाग' लिहिलेला अर्ज विभागातल्या विभागातच फिरतो.

मांडला गेला का, हे पाहायला त्या काळातल्या अधिवेशनांचे दिवसाच्या कामकाजाचे क्रम बघा. 'कागदपत्रे सभागृहासमोर ठेवणे' हे शीर्षक सुरुवातीलाच, प्रश्नोत्तरांनंतर असतं. लोक मुंबईतली अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशनं चाळतात आणि नागपूरचं हिवाळी अधिवेशन विसरतात. केळकर अहवाल नागपुरातच मांडला गेला होता. अशा वजनदार अहवालांची नोंद शेवटच्या दोन दिवसांत आवर्जून पाहा.

छापील प्रत हवी असेल तर मुंबईच्या टाउन हॉलमधल्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात विचारा. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्याखाली देशातल्या ज्या चार ग्रंथालयांत पुस्तकं जमा होतात त्यांतलं ते एक आहे. सरकारी प्रकाशनंही त्यात येतात, फक्त 'कार्यालयीन उपयोगासाठी' असलेली येत नाहीत. चर्नी रोडच्या शासकीय ग्रंथागारात अधिनियम, राजपत्र, गॅझेटियर असं किंमत छापलेलं साहित्य मिळतं. एकेकट्या समितीच्या अहवालासाठी तिथे खेप घालू नका. विधानभवनातलं ग्रंथालय मुळात सदस्यांसाठी आहे आणि प्रवेशपत्राशिवाय इमारतीतच जाता येत नाही, म्हणून सचिवालयाला आधी लेखी विनंती करावी.

संदर्भसेवा

संशोधन टिपणीबद्दल. तुम्ही वाचलंत ते अमेरिकन काँग्रेसच्या संशोधन सेवेबद्दल, म्हणजे सीआरएसबद्दल. १९१४ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ती वेगळ्या नावाने सुरू झाली, आजचं नाव १९७० चं. वर्षाला १० कोटी डॉलरहून जास्त खर्च करदात्यांच्या पैशातून होतो, तरी कितीतरी दशकं अहवाल फक्त सदस्यांना मिळत. नागरिकाने आपल्या प्रतिनिधीकडे मागायचा, नाहीतर खासगी विक्रेत्याकडून विकत घ्यायचा. काही संस्था हाती लागलेले अहवाल गोळा करून फुकट ठेवत होत्या. शेवटी मार्च २०१८ च्या खर्चविषयक कायद्यात प्रकाशनाची सक्ती आली आणि १८ सप्टेंबर २०१८ ला अधिकृत संकेतस्थळ सुरू झालं. एखाद्या सदस्याने खास मागवलेली गोपनीय टिपणं आजही बंदच आहेत, आणि ते रास्त आहे. सदस्याला मोकळेपणी प्रश्न विचारता आला पाहिजे. सर्वसाधारण अहवाल लपवण्याला मात्र तसं कारण नव्हतं. (वापरताना अहवालाची तारीख द्या. त्याच क्रमांकाचा अहवाल वारंवार सुधारला जातो.)

आपल्याकडे लोकसभा सचिवालयाची ग्रंथालय व संदर्भ सेवा, लार्डिस, हेच काम करते. तिच्या टिपणींवर 'सदस्यांच्या वैयक्तिक उपयोगासाठी, प्रकाशनासाठी नाही' अशा अर्थाची सूचना असते. ज्या संकेतस्थळावर दिसतात त्या जरूर वाचा आणि त्यातून मूळ आकड्यांपर्यंत जा. लेखात आधार मूळ कागदाचाच द्या. संसदीय समित्यांचे अहवाल मात्र पहिल्या लोकसभेपासूनचे संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात आहेत. कल्पना मेहता खटल्यात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने असे अहवाल न्यायालयात आधार म्हणून वापरता येतात असं सांगितलं. विधिमंडळाच्या लोकलेखा, अंदाज, पंचायती राज समित्यांच्या अहवालांनाही तेवढीच सोय मिळायला हवी. एखाद्या जिल्हा परिषदेत काय चाललंय ते त्यांच्याइतकं बारकाईने दुसरीकडे लिहिलेलं नसतं.

काळाचौकी_वाचक

अपील उद्याच देतो. प्रत मिळाली तर स्कॅन करून सगळ्यांसाठी ठेवता येईल का?

नस्ती_क्रमांक

मांडला गेला असेल तर हो. कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(थ) पाहा, इंग्रजी मजकुरात ते ५२(१)(q) आहे. शासनाने नेमलेल्या समितीचा अहवाल सभागृहासमोर ठेवला गेला असेल आणि शासनाने मनाई केलेली नसेल, तर तो छापणं म्हणजे उल्लंघन नाही. मांडला नसेल तर संपूर्ण अहवाल चढवण्याआधी थांबा. उतारे देऊन त्यावर लिहायला अडचण नाही.

स्कॅन ३०० डीपीआयला, करडा रंग ठेवून करा. शुद्ध काळं-पांढरं केलं की झेरॉक्सवरचे अनुस्वार आणि रफार उडतात. अक्षरओळखीला (चित्रातून मजकूर काढायला) टेसरॅक्ट या मोफत प्रोग्राममध्ये मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा निवडा. विभागाने सॉफ्ट कॉपी दिली आणि त्यातून मजकूर उचलल्यावर रोमन अक्षरांचा कचरा आला, तर फाइल जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात आहे. मग तिचीही पानं चित्र म्हणून काढून अक्षरओळख करावी लागते. तक्त्यांतले आकडे हाताने ताडून पाहा, ५ आणि ६ हमखास उलटसुलट होतात. फाइलच्या नावात शासन निर्णयाचा संकेतांक टाका, म्हणजे पुढच्या माणसाला ती शोधून सापडेल. आणि प्रतीवर तुमचा पत्ता असलेलं सोबतचं पत्र चुकून चढवू नका.