रविवारी मुलांना तळ्यावर न्यायचंय, त्यावर सोसायटीच्या ग्रुपवर झालेलं बोलणं

ए-१०२: नमस्कार. पहिली ते चौथीच्या मुलांना रविवारी पक्षी, झाडं, किडे दाखवायला न्यायचं ठरतंय, टेकडी चढून पलीकडे तळ्यापर्यंत. कोणकोण येणार ते टाका.

सी-४०१: आमची दोघं येतील

बी-३०४: काका, आमचा मुलगा व्हीलचेअरवर असतो, टेकडीचं त्याला कसं जमणार? नसेल जमत तर तसं सांगा, आम्ही नाही पाठवत, बाकीच्यांचा हिरमोड नको

ए-१०२: अहो वहिनी पाठवा की, तो खाली गाडीपाशी बसेल, कुणीतरी मोठं माणूस थांबेल सोबत, मुलं त्याच्यासाठी फोटो काढून आणतील

डी-२०३: काका, राग मानू नका पण राहवत नाही म्हणून लिहिते. मी प्राथमिकला शिकवते आणि हे नेहमी बघते, जागा आधी ठरते आणि मग एखाद्या मुलाला त्यात कसं बसवायचं ते शोधत बसतात, मग कुणीतरी गाडीपाशी उरतंच. सहा-सात वर्षांच्या मुलाला बरोबर कळतं आपल्याला का मागे ठेवलं ते, आणि बाकीची मुलंही तेच शिकून येतात. उलटं करूया ना, ज्याला सगळ्यात अवघड जाणार त्याच्यापासून सुरुवात. टेकडी सोडून देऊ, तळ्याला मागच्या बाजूने सपाट रस्ता आहे. पक्षी तिथेही तेवढेच. २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात कलम ३० मध्ये स्पष्ट लिहिलंय की खेळ आणि करमणुकीत अपंग मुलांना इतर मुलांच्या बरोबरीने भाग घेता आला पाहिजे. बरोबरीने म्हणजे गाडीत बसून फोटो बघणं नव्हे.

ई-५०१: ताई तुमचं पटतंय पण मला पाण्याचीच भीती वाटते. इथेच खाली मैदानात घ्या ना सगळं, धोका कशाला

डी-२०३: भीती रास्त आहे. पण मुलांनी बाहेर पडणंही गरजेचं आहे, तैवानने २०१० पासून शाळांमधून रोज १२० मिनिटं मुलांना बाहेर काढायला सुरुवात केली, ती लांबचं न दिसण्याचा चष्मा लागू नये म्हणून, आणि उघड्यावरच्या उजेडात वेळ घालवला की ते प्रमाण कमी होतं हे दिसलंय. पाण्याचं म्हणाल तर बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, हातही हलवत नाही, गुपचूप खाली जातं. म्हणून काठावर एक मोठं माणूस फक्त पाण्याकडे बघायला, फोन खिशात, गप्पा नाहीत. आणि ढगांचा गडगडाट ऐकू आला तर तिथून निघून इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही, झाडाखाली तर अजिबात थांबायचं नाही.

सी-४०१: मोजायचं कुणी? मागे एकदा सगळे म्हणत होते दुसऱ्याने मोजलं असेल

डी-२०३: म्हणूनच सगळ्यांचं सगळ्यांनी नको. लहान लहान गट करू, प्रत्येक गटाला एक मोठं माणूस, त्याला आपल्या गटातली मुलं नावानिशी तोंडपाठ. निघताना, उतरल्यावर, शू-शीनंतर, परतताना मोजणी. एक मोठा सगळ्यात पुढे, एक सगळ्यात मागे, आणि चाल सगळ्यात हळू मुलाची. गळ्यातल्या कार्डावर पुढे मुलाचं नाव नको, अनोळखी माणूस नावाने हाक मारतो आणि मूल विश्वास ठेवतं, फक्त फोन नंबर लिहा.

सी-४०१: आमच्या धाकट्याला दमा आहे, पंप बॅगेत देते

डी-२०३: बॅग गाडीत राहते हो. पंप आणि स्पेसर, म्हणजे पंपाला लावायची ती नळी, त्याच्या गटातल्या मोठ्या माणसाच्या खांद्यावरच्या पिशवीत. कुणाला मधमाशीची जोरदार ॲलर्जी असेल आणि डॉक्टरांनी ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिलेलं असेल तर तेही तिथेच, श्वास लागायला लागला की आधी ते द्यायचं, ॲलर्जीच्या गोळीचा परिणाम व्हायची वाट बघायची नाही, आणि लगेच ॲम्ब्युलन्स. पण आजारपणं इथे ग्रुपवर नका लिहू प्लीज, मला वेगळा मेसेज करा, मुलांचं खासगी आहे ते.

एफ-१०४: मी पर्सनलवर लिहिणार होते पण इथेच विचारते, आमची मुलगी ऑटिस्टिक आहे, गोंगाट झाला की कान दाबून खाली बसते. आणू का?

डी-२०३: नक्की आणा!! शनिवारी जागेचे फोटो काढते, गाडी, फाटक, तळं, टॉयलेट, जेवायची जागा, क्रमाने, ते तुम्ही तिला आदल्या दिवशी दाखवा, पुढे काय येणार हे माहीत असलं की खूप सोपं जातं. कानावरचे हेडफोन आणा. एक शांत कोपरा ठरवून ठेवू, तिला वाटलं की तिथे जायचं, का ते कुणी विचारणार नाही. आणि पहिला खेळच डोळे मिटून आवाज ऐकायचा ठेवू, प्रत्येक आवाजाला कागदावर एक खूण, तो बसून, उभं राहून, मांडीवर पाटी घेऊन कसाही जमतो. तिला वाटलं तर ती हेडफोन लावून नुसत्या पानांच्या कडा निरखेल, तेही निरीक्षणच.

ए-१०२: ठीक आहे ताई, टेकडी रद्द. वर्गणीचं पण बघतो, ज्याला जेवढं जमेल तेवढं पाकिटात घालून माझ्याकडे द्या, नावं लिहिणार नाही. शनिवारी रस्ता बघायला कोण येतंय?

बी-३०४: मी येते, त्यालाही आणते, कुठे खडी लागते ते त्यालाच आधी कळतं

डी-२०३: मोजायची टेप घेऊन या वहिनी, फाटकाची आणि टॉयलेटच्या दाराची रुंदी घेऊ. पायरी असेल तर फळी टाकू, पण एक फूट चढायला निदान बारा फूट लांबी लागते, त्याहून उभी असली तर खुर्ची मागे येते.

सी-४०१: फळी आमच्याकडे आहे, पण पाचच फूट असेल

ए-१०२: मग आधी पायरी मोजू. सकाळी ८ ला गेटपाशी.