तंद्री, टाळी आणि देहभान

प्रश्न : यंदा माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड चाललो. साधारण ३० किलोमीटरचा टप्पा. दिवे घाट कधी चढलो, पाय दुखत होते की नाही, काही आठवत नाही. पुढच्याच्या टाळावर पाऊल पडत होतं, एवढंच. घरी 'तंद्री लागली होती' म्हटलं, तर आई म्हणाली, "तंद्री वर्गात लागते, वारीत नाही." मग तल्लीन म्हणायचं का?

उत्तर : आईंचं निम्मं बरोबर आहे. संस्कृतात तंद्रा म्हणजे पेंग, सुस्ती. तो वास शब्दाला अजून येतो. पण गवयाची तंद्री लागते तेव्हा तो काही पेंगत नसतो. तल्लीन म्हणजे तत् + लीन, 'त्यात' विरघळलेला. तन्मयही त्याच घरातला. गुंग आणि दंग फारसीतले. तिकडे गुंग म्हणजे मुका, दंग म्हणजे थक्क. 'मती गुंग झाली' म्हणतो तेव्हा जुना अर्थ जरा डोकावतो.

मला खरी गंमत क्रियापदाची वाटते. तल्लीन, गुंग, दंग आपण 'होतो'. तंद्री, समाधी मात्र 'लागते', झोप लागते तशी. ठरवून लागत नाही. 'ब्रह्मानंदी लागली टाळी'मधली टाळीही तीच. टाळी लागणं म्हणजे समाधी लागणं. हातांनी पिटायची असती तर ती लागली नसती, वाजली असती!

दुसरं उत्तर : आमची मावशी मटार सोलताना दाणे सालांत टाकते आणि सालं पातेल्यात. हाक मारली की "अं?" म्हणून वर बघते. ही तंद्रीच. तल्लीन म्हणणं म्हणजे मटारांना उगाच मोठेपणा.

प्रश्नकर्ता : पण घाटातल्याला नेमकं काय म्हणू?

उत्तर : 'देहभान हरपलं' म्हणा. दरवर्षी 'वारकरी देहभान विसरले' वाचून शब्द गुळगुळीत झालाय खरा, पण तुमच्या बाबतीत शब्दशः लागू आहे. भान म्हणजे जाणीव. तुम्हाला पायांचीच नव्हती.

प्रश्नकर्ता : आईला सांगितलं. म्हणाली, "देहभान हरपलं होतं ना? मग रात्रभर तळपायाला तेल कुणाच्या चोळत होते मी?"