मदत हवी आहे: न्यू जर्सीचा प्रॉपर्टी टॅक्स आणि शाळांचा खर्च

मंडळी, एडिसनमधे राहतो, ऑगस्टचं टॅक्स बिल हातात आहे आणि त्यातली निम्म्याहून जास्त रक्कम शाळांच्या रकान्यात जातेय. शाळांना पैसा मिळालाच पाहिजे, पोरं तिथंच शिकतात, त्यावर माझी अजिबात तक्रार नाही. पण पेन्शनवर जगणाऱ्या शेजारच्या काकांनी घर विकायचं का मग?

इथे राज्याचा इन्कम टॅक्स आला तोच मुळी प्रॉपर्टी टॅक्सचा हा भार कमी करायला, १९७६ मधे, शाळांच्या पैशाची सोय होत नाही म्हणून राज्याच्या सुप्रीम कोर्टाने जुलैत शाळा बंद ठेवायला लावल्या तेव्हा कुठे कायदा पास झाला. तरी बिल चढतंच आहे. मिशिगनने १९९४ मधे मतदान घेऊन सेल्स टॅक्स ४ वरून ६ टक्के केला, शाळांचा बराचसा भार राज्याने उचलला आणि घराची करपात्र किंमत वर्षाला ५ टक्के किंवा महागाई, जे कमी असेल त्याहून वाढू द्यायची नाही असं ठरवलं.

तेव्हापासून मिशिगनमधे राहणारं कोणी आहे का इथे? मंदीत सेल्स टॅक्स घटला की शाळांचं काय झालं, शिक्षक कमी केले का? आणि सेल्स टॅक्स वाढला की भाड्याने राहणाऱ्यांवर जास्त बोजा पडतो ना? बजेटच्या सुनावणीत बोलायचंय, प्लीज सविस्तर सांगा.