मदत हवी आहे: जुनं डच हस्ताक्षर वाचता येणारं कुणी आहे का?

मे महिन्यात वेंगुर्ल्याला डच वखार पाहिली. छप्पर गेलंय, भिंतींत झाडांची मुळं घुसलीत. डचांना ही जागा हवी होती ती मुख्यतः गोव्यातल्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला. मांडवीच्या मुखाशी नाकेबंदी करणाऱ्या जहाजांना रसद इथून मिळे. तिथवर ठीक. पण वाचत वाचत इंडोनेशियातल्या बांदा बेटांपर्यंत पोचलो आणि अडकलो.

आपण बासुंदीत किसून घालतो ते जायफळ तेव्हा फक्त त्या चिमुकल्या बेटांवर पिकायचं. मक्तेदारीसाठी १६२१ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर-जनरल यान पीटरझून कून याने बेटं जिंकली. ४४ प्रमुखांना जपानी भाडोत्री सैनिकांकडून ठार करवलं, हजारो लोक मारले, उपासमारीने मेले किंवा गुलाम म्हणून बटाव्हियाला (आजचं जकार्ता) नेले. मग गुलामांकरवी बागा. (१६६७ च्या तहात इंग्रजांनी त्यातल्या रन बेटावरचा हक्क सोडला आणि मॅनहॅटन त्यांच्याकडे राहिलं. सौदा कुणाला लाभला, ते दिसतंच आहे.)

आता अडचण. डच कंपनीची कागदपत्रं हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ऑनलाइन ठेवली आहेत. वेंगुर्ल्याची काही पत्रं उघडली, पण ते वळणदार हस्ताक्षर म्हणजे मोडीपेक्षा अवघड! मशीनने केलेलं लिप्यंतर अर्धवटच कळतं.

नेदरलँड्समधल्या मराठी मंडळींपैकी कुणी सतराव्या शतकातली डच वाचतं का? दोन पानं पुरे. वेंगुर्ल्याहून बटाव्हियाला काय माल जायचा, एवढंच बघायचंय. आणि बांदा बेटांबद्दल मराठीत काही वाचलं असेल तर तेही सांगा.