जून आला की घडी मोडते: अनियमित कमाईत वर्षाचा हिशेब कसा बसवायचा?

सक्करदऱ्याची ताई
घरात पाच माणसं: आम्ही दोघं, दोन पोट्टे, सासूबाई. एक पगार ठरलेला, 27,000. दुसरी कमाई फर्निचरच्या ठेकेदारीची, ती कधी 6,000 तर कधी 28,000. घर स्वतःचं आहे, कर्ज नाही. किराणा, दूध, गॅस, लाइट, पेट्रोल, ऑटो मिळून महिना 24-25 हजारांत भागतो. तरी जून आला की उसनवारी सुरू होते, ती महालक्ष्म्या होईपर्यंत फिटत नाही.
वर्षातून एकदाच येणारे खर्च मागच्या साली असे झाले: शाळेची फी-पुस्तकं 26,000, सालाचं धान्य-तिखट-मसाला 17,000, मेडिक्लेम 16,000, दिवाळी 14,000, महालक्ष्म्या 9,000, लग्नाचे आहेर 9,000, उन्हाळ्यात कूलरच्या ताट्या (पाणी झिरपणाऱ्या जाळ्या) आणि वाढीव लाइट बिल 6,500, गाडीचा विमा-सर्व्हिसिंग 5,500, घरटॅक्स 4,000.
आता फेब्रुवारी चालू आहे. पैसा कसा वाटायचा? गहू सालाचा भरावा का? आणि उन्हाळ्यात लाइट बिल नि भाजी दोन्ही एकदम चढतात, तिथे काय करता येतं?

वहीखाता
ताई, तुमचं महिन्याचं बजेट बरोबर आहे. चुकतंय ते वर्षाचं. दिलेल्या यादीची बेरीज 1,07,000 होते, म्हणजे महिन्याला जवळपास 8,900. हा खर्च तुमच्या 24-25 हजारांत कुठेच नाही, म्हणून तो दर वेळी 'अचानक' आल्यासारखा वाटतो. महालक्ष्म्या काही अचानक येत नाहीत.

आधी ठेकेदारीची कमाई नीट मोजा. हातात आलेला ॲडव्हान्स ही कमाई नव्हे. त्यात प्लाय, सनमायका, बिजागऱ्या, कारागिरांची मजुरी सगळं असतं. ज्या घरांत ठेकेदारी चालते तिथे नेमकी इथेच गफलत होते: ॲडव्हान्समधून किराणा येतो, मग माल घ्यायला घरचा पगार जातो, आणि शेवटी नफा झाला की तोटा हेच कळत नाही. धंद्याचं खातं वेगळं काढा. काम संपून मालाचं आणि मजुरीचं चुकतं झालं की उरेल तेवढंच घराच्या खात्यात आणायचं.

मग मागच्या 12 महिन्यांची ही खरी कमाई लिहून त्यातले सगळ्यांत पडीचे तीन महिने घ्या. समजा 6,000, 7,000 आणि 8,000 निघाले. सरासरी 7,000. म्हणजे तुमच्या घराचा 'पगार' 27,000 अधिक 7,000, एकूण 34,000. महिना कितीही जोरात गेला तरी घर 34,000 वरच चालवायचं. त्यातले 8,900 पहिल्या तारखेलाच वर्षाच्या खात्यात टाका, बाकी 25,100 महिन्याला. फार उरत नाही, पण बसतं.

28,000 आले त्या महिन्यात वरचे 21,000 तिसऱ्या खात्यात. पडीच्या महिन्यात 34,000 ला जे कमी पडेल ते तिथून घ्यायचं. तिथे 1,02,000, म्हणजे तीन महिन्यांचा घरपगार जमेपर्यंत टीव्ही, सोफा, सहल काही नाही. वर्षाच्या नि तिसऱ्या खात्याला यूपीआय जोडू नका, एटीएम कार्डही घेऊ नका. फोनवर दिसलं की निघतंच.

या वर्षीची अडचण मात्र आधीच दिसते आहे. फेब्रुवारी ते जून पाच हप्ते पडतील, 44,500. तोवर शाळा 26,000, धान्य 17,000 आणि उन्हाळा 6,500, म्हणजे 49,500 लागणार, आणि एप्रिल-मेच्या लग्नांचे आहेर वेगळेच. ही योजना खरं तर दिवाळी संपल्या महिन्यापासून धरायची असते, मग जूनपर्यंत आठ हप्ते, 71,200 पडतात. या साली दोन गोष्टी करा. शाळेत जाऊन फी दोन-तीन टप्प्यांत होते का ते मार्चमध्येच विचारा. जूनमध्ये विचारलं तर तिथे रांग असते. आणि धान्याचं खाली कोणी सांगेलच.

इतवारी मोजमाप
सांगतो. पाच माणसांना महिन्याला 25 किलो गहू धरा, सालाचे 3 क्विंटल. उदाहरणापुरते भाव घेऊ: एकदम 3,400 रुपये क्विंटल, सुटा 38 रुपये किलो. एकदम घेतला तर 10,200, सुटा 11,400. फरक 1,200. त्यातून हमाली नि ऑटो 300 वजा करा, चाळून-निवडून निघणारा खडा-भुसा दीड टक्का म्हणजे साधारण 150. हातात राहिले 750.

आता हेच 10,200 क्रेडिट कार्डावर टाकून बाकी ओढत राहिलात आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के असलं, तर एका महिन्याचे 357 झाले. दोन महिन्यांत बचत साफ. म्हणून उधारीवर सालाचं धान्य कधीही नाही. हातात रोख असेल तर भरा, नसेल तर या साली महिन्याकाठी 25 किलोचं पोतं आणा. एप्रिल ते जून 2,850 जातील, म्हणजे जूनपर्यंत 7,350 हाती राहतात. वहीखाता भाऊंची तूट तिथे बरीचशी भरून निघते.

सालाचा गहू भरायचा खरा फायदा पैशापेक्षा एकसारख्या पोळीचा आहे. दर महिन्याला वेगळा गहू आला की कणीक कधी पाणी जास्त पिते, कधी पोळी वातड होते.

पुढच्या साली भराल तेव्हा नागपूरच्या कळमना किंवा इतवारी बाजारात भाव विचारताना पोत्याचं वजन धरून की सोडून, हमाली कोणाची, आणि मशीन क्लीन आहे की नाही हे तीनही आधी विचारा. मूठभर गहू दाताखाली फोडून बघा. कट्कन फुटला तर सुका. दबला तर ओल आहे, तो कोठीत टिकत नाही.

घरी आणल्यावर लोक चुकतात ते उन्हात. एप्रिलच्या उन्हात दोन दिवस वाळवून गहू गरम गरमच कोठीत ओततात. आत वाफ धरते, झाकणाला घाम येतो आणि जुलैत वरच्या थरात जाळं. वाळवलेला गहू रात्रभर पंख्याखाली पसरून पूर्ण गार झाल्यावरच भरायचा. कोठी भिंतीपासून वीतभर लांब आणि विटांवर ठेवा. कडुलिंबाचा पाला घालायचा तर चुरचुरीत वाळलेला, ओला पाला घालून ओलच वाढवायची नसते. डाळीला किलोमागे 5 मिलि एरंडेल हाताने चोळलं की पुरतं. सेल्फॉसच्या (धान्यातली कीड मारायच्या) गोळ्या घरातल्या कोठीत अजिबात नाही. त्यातून निघणारा फॉस्फीन वायू माणसाला मारतो, बंद खोलीत तर झोपेतच.

तांदूळ मात्र नवा घेऊन लगेच शिजवू नका, गिचका होतो. एचएमटी घ्यायचा तर सहा महिने तरी जुना मागा. (आपल्याच बाजूचं वाण आहे हे, चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागड्यांनी निवडून काढलेलं. नाव मात्र घड्याळाचं.)

कूलरवाला भाऊ
लाइट बिलाचं मी सांगतो. महावितरणच्या घरगुती बिलाचे टप्पे 100, 300 आणि 500 युनिटवर आहेत. '301 झाले की सगळं बिल महागात लागतं' हे चूक. वरच्या टप्प्याचा दर फक्त वरच्याच युनिटांना लागतो. पण त्यातच मेख आहे. उन्हाळ्यात वाचवलेलं प्रत्येक युनिट हे तुमच्या सगळ्यांत महाग टप्प्यातलं असतं, म्हणून थोडी काटकसरही बिलात दिसते.

18 इंची एक्झॉस्टचा पत्र्याचा कूलर पंपासकट साधारण 200 वॅट घेतो. रात्री दहा तास चालला तर 2 युनिट, महिन्याचे 60. दिवसरात्र चालवला तर 144. दीड टनाचा एसी नागपूरच्या मेमधल्या रात्री तासाला सरासरी एक युनिट धरा, आठ तासांचे महिन्याला 240. तेव्हा एसी नसेल तर घेऊ नका. कूलर एकच चालवा आणि सगळे त्याच खोलीत झोपा.

कूलर थंड करत नाही अशी तक्रार असली की दहापैकी नऊ वेळा खोली बंद असते. आलेल्या हवेला बाहेर जायला वाट हवी. कूलरच्या समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा. बंद खोलीत दमटपणा साचतो, अंग चिकट होतं नि बायामाणसं म्हणतात कूलर बिघडला.

ताट्या मार्च संपायच्या आत बदला. वूडवूल (ताटीत भरायचा लाकडाचा कीस) दाबून भरलं की हवा अडते, मोटर घरघरते. सैल भरलं की आठवड्यात खाली बसतं नि वर चार बोटं उघडी फट पडते, तिथून सरळ लू आत. भरल्यावर जाळी उभी धरून उजेडाकडे बघा: उजेड झिरपला पाहिजे, आरपार भोक दिसता कामा नये. वरच्या पन्हळीची भोकं दाभणाने मोकळी करा. एक बुजलं की त्याखाली ताटीचा पट्टा कोरडा राहतो. टाकी खरवडून काळा डांबरी पेंट मारा, पूर्ण वाळल्यावरच पाणी भरा, म्हणजे पत्रा दोन-तीन साल जास्त जातो.

पाणी आठवड्याला पूर्ण काढा. रोज नुसती भर घालत राहिलं की क्षार साठतात, पंप जाम होतो, ताटीवर पांढरा थर बसतो. डेंग्यूचा डासही त्याच पाण्यात वाढतो. काढलेलं पाणी अंगण धुवायला घ्या, कुंड्यांना नको. आणि पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर पत्र्याचा कूलर लावूच नका. दर उन्हाळ्यात यात जीव जातात.

जूनच्या पावसाने दमट झालं की पंप बंद करून नुसता पंखा चालवा. घरातले पंखे बदलायची वेळ आली तर बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घ्या. 75 वॅटच्या जागी 30 वॅट, तीन पंखे रोज बारा तास फिरले तर महिन्याला 48 युनिट वाचतात. चांगले चालणारे पंखे मात्र त्यासाठी मोडीत काढू नका.

मुंगवडी
भाजीचं राहिलं. मे ते जुलैच्या मध्यापर्यंत पालेभाजी महाग आणि निम्मी फेकायची. त्या दहा आठवड्यांसाठी आठवड्यातले तीन दिवस बिनभाजीचे ठरवा: पाटोडीचा रस्सा, झुणका, मुंगवड्या. चिवळ मिळाली तर घ्या, ती उन्हाळ्याचीच भाजी आहे.

मुंगवड्यांना 1 किलो मुगाची डाळ चार-पाच तास भिजवा, पूर्ण निथळा आणि पाणी न घालता जाडसर वाटा. तिखट, जिरं, हिंग, सांबार (कोथिंबीर) घाला. मीठ नाममात्र, कारण मीठ ओल ओढतं. रस्सा करताना घालताच येतं. बोराएवढ्या टाका, लिंबाएवढ्या टाकल्या की आतून कच्च्या राहतात. किसलेला कोहळा घातला तर वडी हलकी होते, पण वाळायला एक दिवस जास्त. वरून पातळ सुती कापड घाला, धूळ बसत नाही. तीन ऊन झाले की एक वडी मोडून बघा. मधला ठिपका गडद आणि मऊ असेल तर अजून ऊन द्या, नाहीतर पावसाळ्यात डब्यात बुरशी. संध्याकाळी आभाळ भरून आलं की परात आधी आत. अवकाळीची एक सर आली तरी घाण वास धरतात.

किलोभर डाळीच्या पाच माणसांना सात-आठ वेळा भाज्या होतात. थोड्या तेलात तांबूस भाजून मगच रश्श्यात टाका, नाहीतर विरघळतात.

सक्करदऱ्याची ताई
खूपच कामाचं. गहू या साली महिन्याकाठीच आणते. एक राहिलं: सासूबाईंच्या भिशीत जागा आहे, महिन्याला 2,000, बारा बाया. वर्षाच्या खात्यातले 2,000 तिकडे टाकले तर? का पोस्टाची आरडी (दर महिन्याला ठरलेला हप्ता भरायची ठेव) काढू?

वहीखाता
पोस्टाची आरडी यासाठी नाही. ती 5 वर्षांची असते आणि 3 वर्षांआधी मोडता येत नाही. जूनच्या फीसाठी बँकेतली 12 महिन्यांची चालेल, पण हप्ता तेवढाच ठेवा जेवढा 6,000 च्या महिन्यातही नक्की जाईल. बाकी साध्या बचत खात्यात. पतसंस्था दोन टक्के जास्त देते म्हणून तिकडे नेऊ नका. बँक ठेवींना 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेच्या ठेवींना ते नाही.

भिशीत आधी विचारा, चिठ्ठीने लागते की बोलीने. बोलीची असेल तर गरजेच्या वेळी उचलणारी बाई 24,000 च्या जागी 21,000 घेऊन जाते, म्हणजे 3,000 व्याजच दिलं. त्यात जाऊ नका. चिठ्ठीची आणि बाराही जणी गल्लीतल्या असतील तर सासूबाईंना एवढंच म्हणा की चिठ्ठी न टाकता मे महिन्याचा नंबर आपला ठरवून द्या. तो मिळत नसेल तर ते 2,000 भिशीत नकोत, कारण डिसेंबरात लागलेली भिशी जूनच्या फीला कामाची नाही. घरच्या भिशीची कुठे नोंद नसते, पैसे अडकले तर हातात फक्त ओळख उरते. म्हणून वर्षाच्या खात्यातला आहेराएवढा भाग तिकडे गेला तर चालेल, शाळेचा आणि मेडिक्लेमचा नाही.